बाबांचं पथ्य

"आयो, पथ्य सोडायला सांगितलं म्हणजे दुखणं गेलंच समज!" हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मावशी आईला म्हणाली.

बाबांच्या किडन्या बिघडल्यापासून आई त्यांना अळणी जेवण देत होती; केळंही बंद होतं. त्या दुपारी डॉक्टर इथल्या रिवाजाप्रमाणे फ्रेंचमध्ये एवढंच बोलले, की आता मीठ, केळं, त्यांना हवं ते खाऊ द्या. कितीतरी दिवसांनी आईचा चेहरा खुलला.

"मग मी आताच्या बसने त्रियोलेला घरी जाते," ती म्हणाली. "गणपती परवावर आलेत. मोदक करते आणि त्याच दिवशी गरम गरम इथे आणते. तोवर ही बसेल यांच्यापाशी." तिने माझ्याकडे बोट केलं.

"बसेल की. सिक्सला बायोलॉजी शिकते, अर्धी डॉक्टरीणच आहे," मावशी हसली. "पण तोंड उघडेल तर शपथ!"

सिक्स म्हणजे आमच्या शाळेचं शेवटचं वर्ष; त्यात आम्ही बोकडाची किडनी उभी चिरून तिचं चित्र काढलं होतं. मीठ का बंद करतात ते मला ठाऊक होतं. आणि आजार तसाच असताना ते पुन्हा का देऊ लागतात, हेही डॉक्टरांच्या आवाजावरून कळलं होतं. पण मी सगळं इंग्रजीत शिकले होते. आईला सांगायला मराठी शब्द कुठून आणणार?

आईने पिशवी उचलली. फाटकाबाहेर बस येऊन थांबली होती. मी तिचं मनगट धरलं.

"आई, बाबा आता बरे व्हायचे नाहीत. जाऊ नकोस."