दोन बोटं खाली राहिलेला काटा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी का सांगतोय — नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढाच काय तो आधार.

सोलापुरात, एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी गाड्यांचे डॅशबोर्ड आखतो. ड्रायव्हरला समोरचे काटे मान न वाकवता दिसले पाहिजेत — माझं सगळं काम या एका वाक्यात मावतं. आणि तेवढंही मला जमलं नाही.

माझी पहिलीच स्वतंत्र आखणी होती ती, कारखान्याच्याच व्हॅनसाठी. सीटवर स्वतः बसून मापं घेतली. माझी उंची सहा फुटाला जराशीच कमी. सगळे ड्रायव्हर माझ्याच मापाचे असणार, असं मी का धरलं? शहाणपणा, दुसरं काय. साचा तयार झाला, डॅशबोर्ड बसला, आणि मग मल्लूमामा सीटवर बसले.

मल्लूमामा आमचे ड्रायव्हर, वळसंगचे. अंगानं बुटके. अठरा वर्षांत कारखान्याच्या गाडीला त्यांनी ओरखडा पडू दिला नव्हता. बसले आणि म्हणाले, "साहेब, टेंपरेचरचा काटा दिसत न्हाय की. स्टेरिंगच्या मागं जातोय."

इंजिन तापलं की नाही, ते सांगणारा काटा. दोन बोटं वर हवा होता. पण म्हणजे नवा साचा — आणि शेठजींसमोर जाऊन चुकलो म्हणणं. मागच्या सीटवर मामांचीच चादर पडली होती. मी ती ओढली, चार घड्या घातल्या, त्यांच्याखाली सरकवली.

"आता?"

"आता दिसतंय."

पाय ब्रेकवर पोचतायत का, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती — पोचत नव्हते, मला दिसत होतं. तरी चाचणीच्या कागदावर 'सर्व काटे दिसतात' असं लिहिलं आणि खाली त्यांची सही घेतली. चादरीचा उल्लेख कुठेच नाही.

पुढे माढ्याच्या रस्त्यावर एकदा रेडिएटरचं पाणी गळालं. काटा तांबड्यावर गेला, इंजिन जाम झालं. मामा त्या दिवशी चादर काढून बसले होते. रहदारीत ब्रेकवर पाय पोचायला नको का?

शेठजींनी आम्हा दोघांना बोलावलं. काटा दिसतो की नाही, एवढंच विचारलं. मी कागद पुढे केला. नुसता कागद. मामांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता चादरीचं निघणार. निघावं असंही वाटत होतं, आणि निघू नये असंही.

"सही माजीच हाय," एवढंच ते म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. पुढच्या गाडीत मी काटा दोन बोटं वर घेतला. का, ते कुणी विचारलं नाही — विचारलं असतं तर मी खोटंच बोललो असतो.

गेल्या महिन्यात अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेलो होतो. फाटकावर शिट्टी घेऊन मामा उभे. मला ओळखलं, हसले, गाडी लावायला सावलीतली जागा दाखवली. त्यांच्या लोखंडी खुर्चीवर तीच चादर होती, चार घड्यांची.

काच खाली घ्यायला मी बटणावर बोट ठेवलं. घेतली नाही.