धसकटांचे फुटवे

हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती आणि मला गावाचा वीट आला होता. कापसाच्या जिनिंगच्या गेटवर बसायची नोकरी, डोक्यावर पंखा, घरी कलर टीव्ही, दारात नळ. एवढं असून झोप लागेना. एक दिवस नोकरी सोडली आणि सिद्धेश्वरच्या अलीकडं डोंगरात मेंढरं राखणाऱ्या मामाकडं राहायला निघालो. बायको म्हणाली, "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" नव्हतंच.

माझ्या वडिलांनी मेंढरं विकून शहर धरलं होतं. मामानं न्हाई. त्याची सगळी इस्टेट म्हणजे साठेक मेंढरं. तिथं घोंगडीवर झोपायचं, ओढ्यात वाळू उकरून पाणी काढायचं, तीन दगडांवर भाकरी. पहिले काही दिवस अंगभर पुरळ अन् पायात काटे. मामी म्हणायची, "सायब, पंखा लावू का?" पण दोन महिन्यांत कोणतं कोकरू कुठल्या मेंढीचं, ते मला ओळखू यायला लागलं. आता आपण पक्के मेंढके, असं वाटायला लागलं. खरं सांगतो, एवढा माज मला आयुष्यात कधी चढला नव्हता.

मग मामीला ताप भरला. मामा तिला दवाखान्यात घेऊन निघाला.

"सांजपस्तोर राखशील ना बराबर?"

"व्हय. लेकरू हाय का मी?" मी चिडून म्हणालो.

माळावरचं गवत वाळून गेलं होतं. खाली मात्र कापून नेलेल्या ज्वारीच्या धसकटांना नवे फुटवे आले होते, वीतभर, हिरवेगार. उपाशी मेंढरांचं भलं करावं म्हणून मीच त्यांना त्या रानात हाकललं. ती तुटून पडली. मी बांधावर बसून शीळ घालत होतो, गाढव कुठला.

त्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. खाल्लं की जनावराला किराळ लागते. मेंढक्याच्या चिमुकल्या पोरालाही हे कळतं. मला मात्र ते सांगून ठेवायला पाहिजे, हे मामाच्या ध्यानातच आलं नसणार. त्यानं मला घरचा धरला होता.

बघता बघता मेंढरं थरथरायला लागली, तोंडाला फेस आला, एकेक आडवं पडत गेलं. मामा आला तेव्हा धावत गुळाचं पाणी कालवून त्यांना पाजत सुटला. जगली नऊ. त्यानं मला एक शिवीसुद्धा दिली न्हाई. द्यायला पाहिजे होती. मारलं असतं तर जरा बरं वाटलं असतं.

नऊ मेंढरांवर काय भागणार? ती विकून मामा-मामी हिंगोलीत आले. मला जिनिंगनं परत घेतलं, गोदामात. गेटच्या जागेसाठी मामाचं नाव मीच सुचवलं, उपकार केल्यासारखं. आता माझ्या खुर्चीवर, माझ्या पंख्याखाली मामा बसायचा. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

एकदा दुपारी रस्त्यानं कुणाचा तरी कळप चालला होता. चार मेंढ्या गेटकडं वळल्या. मामा उठला, हट हट करून त्यांना हाकललं आणि गेट लावून घेतलं.