बाबांचा इरादा

मध्यप्रदेश नवाच झाला होता आणि मी नुकताच इंटर पास. माझे मार्क घरच्या माणसानंच पदरात घ्यावेत असे. इंजिनिअरिंग कॉलेजात प्रांतातल्या मुलांना फी कमी, बाहेरच्यांना दुप्पट. आणि दुप्पट फी मास्तरकी करणाऱ्या बाबांना झेपणारी नव्हती. म्हणजे आम्ही इथलेच असा दाखला मिळाला तर कॉलेज, नाहीतर पोलोग्राउंडच्या एखाद्या कारखान्यात हातोडी.

यात अवघड काही नव्हतं. खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत आले, तेव्हापासून आम्ही इंदूरचेच. आई, बाबा आणि मी तहसीलीत गेलो. साहेबांनी सहज विचारलं, “मास्टर साहब, कहाँ के हैं आप?”

आमच्यात या प्रश्नाला शिंकेसारखं एकच उत्तर येतं. बाबा ताठ झाले. “जी, हम वाई के. सातारा जिला.”

साहेबांची लेखणी थांबली. “वो तो बंबई प्रांत में है.”

“जी. कृष्णा नदी के किनारे.”

मी मागून त्यांचा कोट ओढला. त्यांना वाटलं, मी कॉलर नीट करतोय.

“आखिरी बार कब गए थे?”

“मैं तो नहीं गया.”

“पिताजी?”

“वो भी नहीं. हमारे पुरखे वहाँ से आए थे. घोड़े पे.”

दारातला शिपाई म्हणाला, “भिया, फिर तो घोड़ा ही लौटा होगा.”

साहेब हसले नाहीत. नुसतं राहून भागत नाही, म्हणाले, कायम राहायचं मनात असावं लागतं. “हमेशा यहीं रहने का इरादा है? हाँ या ना?”

रिटायर झाल्यावर वाईला नदीकाठी राहायचं, हे बाबांचं माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं.

“देखेंगे,” ते म्हणाले. “रिटायरमेंट के बाद.”

“तो प्रमाणपत्र नहीं बनेगा.”

बाकावरची आई उठली. “अहो, हो म्हणा ना. साहेब काही संन्यास घ्यायला नाही सांगत.”

“सही माझी आहे. खोटं लिहून देऊ?”

“खोटं कशाला? खरंच राहा.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, माझ्याकडे बघितलं. मी होतकरू दिसायचा प्रयत्न केला.

“लिखिए,” ते म्हणाले. “इरादा है.”

मला कॉलेज मिळालं. पुढे ते रिटायर झाले तेव्हा मी म्हटलं, चला, चार दिवस वाईला जाऊन येऊ.

“साहेबांपुढे शब्द दिलाय.”

“बाबा, चार दिवसांनी काही इरादा मोडत नाही.”

“तू इंजिनिअर आहेस. वकील नाहीस.”

डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी राहिलं. शेवटी आईलाच घेऊन गेलो. परत आल्यावर त्यांनी तिला एवढंच विचारलं, “नदीला पाणी होतं का?”

“होतं की. घोट्याएवढं.”

“मग ठीक,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.