खोडलेले चौरस

दहावीचा नवा अभ्यासक्रम येणार होता, त्या वर्षी बी.एड. कॉलेजातले एक प्राध्यापक आमच्या मुलींच्या शाळेत आले. मोठ्या माणसांची गणितातली कल्पकता मोजायची आणि ती बुद्धीबरोबर वाढते का ते पाहायचं, हा त्यांचा विषय. हेडमास्तरांनी आम्हा गणिताच्या तिघींना शनिवारी शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. संख्या भरायला चित्रकलेचे सरही.

मला वास आला. जुनी अकरावी, म्हणजे तोवरचा बोर्डाचा वर्ग, माझ्याकडं होती; आता बोर्डाची परीक्षा दहावीला येणार होती. नवी दहावी कुणाला द्यायची हे मात्र हेडमास्तर सांगत नव्हते.

"कल्पकता-बिल्पकता काही न्हाई, आपल्याला चाळणी लावायल्यात," मी चित्रकलेच्या सरांना म्हटलं.

"मग मला कशाला चाळायल्यात? मी तर कोंडाच की."

पहिला पेपर बुद्धीचा, आकड्यांच्या मालिकांचा. तो झटक्यात झाला. दुसऱ्यात एक चौरस होता. त्याचे चार सारखे भाग जितक्या तऱ्हांनी जमतील तितक्या तऱ्हांनी करा.

"बरोबर-चूक बघणार नाही, सुचेल ते काढा," प्राध्यापक म्हणाले.

बरोबर-चूक न बघणारा परीक्षक मी तोवर पाहिला नव्हता. आम्ही बोर्डाचे पेपर तपासणाऱ्या. एका प्रश्नाची दोन उत्तरं दिसली की पहिलंच धरायचो, म्हणून मुलींना बजावायचो, एकच ठेवा, बाकीची खोडा. मी उजवीकडं कच्च्या कामाची जागा आखली, तिथं सुचतील तेवढे चौरस पाडले, त्यातला नेटका एक पक्का केला आणि बाकीच्यांवर पट्टीनं रेघ ओढली. दुसऱ्या दोघींनीही तेच केलं. चित्रकलेच्या सरांनी कागद पाठपोट भरला, वर आणखी एक मागितला.

पुढच्या आठवड्यात प्राध्यापक स्टाफरूममध्ये आले.

"बाई, एवढं सगळं खोडलंत का?"

"ते कच्चं काम. तपासायचं नसतं."

"मला तेच मोजायचं होतं."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं होतं, बाई."

सांगितलं होतं खरं. विश्वास कोण ठेवतंय?

"बुद्धीत तुम्ही तिघी वर आणि कल्पकतेत तळाला," ते कपाळ चोळत म्हणाले. "आता दोन्हींचा संबंध काय लावू?"

"मग दहावी मलाच द्या की," चित्रकलेचे सर म्हणाले. सगळे हसले. दारात उभे असलेले हेडमास्तरही हसले, ते मला आवडलं नाही.

हेडमास्तर गेल्यावर मी प्राध्यापकांना विचारलं, "हे कागद त्यांना दाखवलेत?"

"नाही. दाखवणारही नाही."

न विचारता पुढचं वचन देणाऱ्या माणसावर माझा भरवसा बसत नाही.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं. दहावीच्या गणितापुढं माझंच नाव होतं. जवळ जाऊन पाहिलं. बाकी सगळी नावं शाईनं लिहिलेली, माझं पेन्सिलनं. मी पेन काढलं आणि तिथंच उभ्या उभ्या ते गिरवून टाकलं.