आईची सिस्टर

पेशंटला हात लावण्याआधी सिस्टर दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायच्या. जबलपूरच्या मे महिन्यातसुद्धा. "थांबा ताई, हात गरम करून राहिली," असं म्हणायच्या आणि मग माझ्या आईच्या कपाळावर हात ठेवायच्या. आई डोळे मिटून घ्यायची. मी दारात उभी राहून ते पाहायचे आणि काहीतरी निमित्त काढून मध्येच आत जायचे. त्याला हेवा म्हणतात, हे मान्य करायला मला पुष्कळ दिवस लागले. घरात आजारी माणूस सांभाळलेल्यांना सांगायला नको.

अधारतालला आमच्या मागच्या गल्लीत त्या नातीबरोबर राहायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. एका मिशन दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. मूळच्या मराठी मुलखाला लागून असलेल्या सौंसरकडच्या, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच, निम्मी हिंदीत बुडवलेली. नवरा फार आधी गेला, मग मुलगीही गेली. नात त्यांनीच वाढवली. ती आता बँकेत नोकरीला होती.

कुणी विचारलं, "आप क्रिश्चन हैं?" की त्या शांतपणे सांगायच्या, "जी, लूथरन." तो त्यांचा पंथ, पण भाजीवाल्याला ते आडनाव वाटलं. तो त्यांना "लूथरा मैडम" म्हणायचा आणि पंजाबी समजून दोन मुळे वर घालायचा. त्याची चूक त्यांनी कधी दुरुस्त केली नाही. "प्रभूनं दिलेले मुळे आहेत, परत काहून करू?" म्हणायच्या.

रविवारची उपासना मात्र चुकवायच्या नाहीत. नोकरीत असताना रात्रपाळी संपवून तशाच चर्चला जायच्या आणि उपदेश सुरू झाला की झोपायच्या. हे त्यांनीच आईला सांगितलं. "पाळक म्हणायचे, झोपा सिस्टर, देव जागा आहे." त्यावर आई हसली होती. अर्धांगानं वाकडं झालेलं तोंड, त्यातून हसली. मी दोन महिने धडपडत होते, माझ्यासाठी ती एकदाही हसली नव्हती.

आईची डावी बाजू गेली तेव्हा मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. बाबा फॅक्टरीतून निवृत्त होऊन वर्षभरातच गेले होते, मी एकुलती एक. सिस्टर आपणहून आल्या. पैशाचं नाव काढलं तेव्हा असं पाहिलं की मी पुन्हा काढलं नाही. रोज सकाळी नऊला फाटक वाजायचं. आईला पुसणं, कूस बदलणं, हातापायांचा व्यायाम. काम करताना ओठांत लहानपणी चर्चमध्ये पाठ केलेली प्रश्नोत्तरं पुटपुटायच्या. प्रश्नही त्याच विचारायच्या आणि उत्तरही त्याच द्यायच्या.

मी केलेल्या खिचडीला आई तोंड फिरवायची. तीच वाटी सिस्टरांच्या हातात गेली की संपायची. माझ्यावर आई चमचा भिरकावायची. "तुला काही येत नाही," हे तिचं वाक्य जड जिभेतूनही स्पष्ट निघायचं. सिस्टरांना मात्र "थँक्यू, सिस्टर." एकदा चादरीवर पाक सांडलेला दिसला. दोघींनी मिळून खोव्याची जलेबी खाल्ली होती. दोघींनाही साखरेचा आजार होता.

"सिस्टर, तुम्ही स्वतः नर्स आहात," मी म्हणाले.

"मालूम है बेटा. म्हणून अर्धीच दिली."

एक दिवस मी चहा घेऊन खोलीकडे गेले आणि पडद्याशीच थांबले. आई बोलत होती. हळूहळू, एकेक शब्द जुळवत. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. आठ दिवसांनी गेला. त्याचे कान बाबांसारखे होते. सिस्टर "अच्छा... अच्छा..." म्हणत तिचा तळवा दाबत होत्या.

मी बावन्न वर्षांची होते. मला भाऊ होता, हे मला पडद्याआडून कळलं.

चहा तिथंच स्टुलावर ठेवला. सिस्टर निघाल्या तेव्हा फाटकापर्यंत गेले आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. आता मला सगळं जमतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण विचारलं नाही. "चलो, ठीक आहे. दर दोन तासांनी कूस बदलजो. पाठ कोरडी ठेवजो," एवढं बोलून गेल्या.

त्यानंतर रोज नऊला आई फाटकाकडे पाहायची. मला काही विचारायची नाही. चमचा भिरकावणंही तिनं बंद केलं, आणि ते मला जास्त लागलं. घास तोंडात तसाच धरून ठेवायची. मी दिवसा तिची कूस बदलायचे, पण पहाटे थकून झोप लागायची. दुसऱ्या आठवड्यात तिच्या कमरेखाली पडून राहिल्यानं उठलेला रुपयाएवढा डाग दिसला. मी हात लावला, तर ती कण्हली.

रविवार होता. शेजारच्या वहिनींना आईजवळ बसवून मी रिक्षानं चर्चला गेले. आत गाणं चालू होतं. आत जावं की नाही ते कळेना, म्हणून चपलांपाशी उभी राहिले. उपासना संपली. सिस्टर पांढऱ्या साडीत बाहेर आल्या, मला पाहिलं. मी काय बोलायचं ते रस्ताभर ठरवून आले होते.

त्यांनीच विचारलं, "लाल आहे की काळा?"

"लाल."

"चमडी फाटली?"

"नाही."

"मग चल."

त्या दिवशी चर्चमध्ये मंडळीचं जेवण होतं, पत्रावळी मांडल्या होत्या. त्या उपाशीच माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. घरी येऊन आईला कुशीवर घेतलं, उशी कुठं लावायची ते सांगून ती माझ्याच हातानं लावून घेतली. आई त्यांना पाहून रडली. मी स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळानं त्या मागून आल्या आणि पाटावर बसल्या. "काही खायला आहे का?" मी खिचडी वाढली. खाता खाता म्हणाल्या, "मलाही तुझी जलन होत होती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माझी माय सौंसरला वारली तेव्हा मी ड्यूटीवर होती. दुसऱ्या कोणाच्या मायचं सलाइन बदलून राहिली होती. सगळं आयुष्य लोकांच्या आया सांभाळल्या. सगळ्या मला थँक्यू म्हणतात. तुझी माय तुला चमचा फेकून मारते, मला मारत नाही. मी बाहेरची आहे ना. बाहेरच्यांशी माणूस अदबीनं वागतो."

मी त्यांना आणखी खिचडी वाढली. खरं सांगायचं तर तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटला. हेवासुद्धा त्या किती सरळ कबूल करत होत्या.

"त्या बाळाचं तिला तूच विचार," उठता उठता म्हणाल्या. "मी त्याच्यावर एक शब्द बोलणार नाही. पडद्याखालून तुझे पाय दिसत होते मला."

विचारायला मला चार दिवस लागले. आई उजव्या हातानं चादरीची कड सारखी करत राहिली. मग म्हणाली, "तू रडशील म्हणून नाही सांगितलं." त्या दुपारी आम्ही दोघी रडलो आणि संध्याकाळी मीठ कमी म्हणून तिनं वाटी ढकलली. सिस्टर दुसऱ्या दिवशी नऊला आल्या तेव्हा मी त्यांना ढकललेल्या वाटीचं कौतुकानं सांगितलं.

आई पुढच्या वर्षी गेली. एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला त्या.

तीन वर्षांनी सिस्टर अंथरुणाला खिळल्या. मी रोज सूप घेऊन जायचे. पहिल्या दिवशी चमचा भरून त्यांच्या तोंडाशी नेला, त्यांनी तो घेतला आणि माझ्याकडे बघून हसल्या. नात दारात उभी होती. दिवसभर बँकेत राबून आलेली, चेहरा उतरलेला. "मेरे हाथ से तो नानी कुछ नहीं खातीं," ती म्हणाली. आवाज साधाच होता, पण तिचा जबडा आवळलेला मला दिसला.

मी वाटी तिच्या हातात दिली. "आंटी, बैठिए ना," ती म्हणाली. मी म्हटलं, घरी काम आहे. घरी काही काम नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सूप फाटकाशीच देऊन परत फिरायचे. आतून सिस्टर नातीवर ओरडताना ऐकू यायच्या, "इतना गरम? जलाएगी क्या मुझे?"

त्या गेल्या तेव्हा दफनाला एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. महाराजपूर वस्तीतले लोक, ओमती बाजारातले दुकानदार, तो भाजीवाला. जो तो दुसऱ्याला सांगत होता, माझ्या आईला यांनीच सांभाळलं, माझा मुलगा यांच्याच हातावर झाला. मला वाटत होतं की त्या आमच्या होत्या. इथं प्रत्येकाचंच तसं म्हणणं होतं.

पाळकांची प्रार्थना झाली आणि मूठभर माती टाकायला रांग लागली. आधी नात. मग बाकीचे, एकेक मूठ. माझ्या पुढची बाई टाकून बाजूला झाली. मी वाकले, एक मूठ टाकली. मग पुन्हा वाकून दुसरी घेतली, सगळ्यांपेक्षा एक जास्त. मागच्या माणसानं घसा खाकरला. मी सावकाश तीही टाकली आणि मगच सरकले.