तळावर भाजलेला राब

लढाई सुरू झाली तेव्हा मी लढत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आमची तुकडी आघाडीच्या बरीच मागे, पंजाबातल्या एका माळावर रसद सांभाळत होती. ट्रक आले की पेट्या चढवायच्या, नाही आले की वाट बघायची. लांबून धडाडधूम ऐकू यायचं आणि आम्ही कांदे सोलत बसायचो. गावात मात्र मी केव्हाच शूर ठरलो होतो.

माझा जीव अडकला होता पोलादपूरच्या डोंगरात. उमरठच्या वर आमची वाडी, घरी आई-आबा दोघंच. मे महिन्यात रजेवर जाऊन आबांसोबत राब भाजायचा, असं ठरलं होतं. भाताचं बी पेरायच्या जागेवर शेण, वाळल्या फांद्या, पाला रचून पेटवतात. त्या भाजलेल्या मातीतच आमच्याकडे रोपं करतात. रजा मिळाली आणि लढाईमुळे दोन दिवसांत रद्दही झाली. आबा फोनवर म्हणाले, "तू नाय तर यंदा खाचर पडीक टाकतो. फांद्या तोडून ठेवल्या हायत, पन रानातून भारे आनायला आता माझ्यानं व्हत नाय." मी काही बोलायच्या आत फोन कट झाला, आणि त्याच संध्याकाळी आमचे फोन जमा करून घेतले.

पडीक हा शब्द मला दिवसरात्र टोचत राहिला. शेजारची तीन खाचरं मालक मुंबईला गेल्यावर अशीच 'यंदापुरती' पडीक पडली होती. आज तिथे रानडुकरं नांदतात. आबांनी एकदा हात काढून घेतला की आमचंही तेच होणार, याची मला खरोखर भीती वाटत होती.

माझ्या पेटीत रुमालात बांधलेलं मूठभर भात होतं. घरचं बी सोबत असलं की माणूस पेरणीला घरी येतो, असा आईचा समज; दर खेपेला बांधून देते. मी जात नाही तर निदान हे तरी मातीत जाऊ दे, असं वाटलं. स्वयंपाकघरामागे पाण्याच्या टाकीजवळ जरा ओलसर जागा होती.

शहाण्या माणसानं माती उकरून बी टाकलं असतं. पण राब न भाजता भात पेरायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं, पाला रचला, वर माती भुरभुरली आणि काडी ओढली. धूर सरळ वर गेला. मला अगदी वाडीत उभं असल्यासारखं वाटलं. शिट्ट्या वाजल्या तेव्हा आठवलं की आपण लढाईत आहोत. अख्खा तळ खंदकांत उड्या टाकत होता.

सुभेदारसाहेब घाटावरचे, ज्वारीच्या मुलखातले. "काय पेटवलंस रे?"

"राब, साहेब."

"राब म्हणजे?"

मी सावधानमध्ये उभा राहून समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, बादलीनं आग विझवली आणि मला पाठीवर सगळं सामान लादून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. बरोबरच केलं. धूर म्हणजे शत्रूला पत्ता कळवणं, हे आम्हाला रोज सकाळी सांगितलं जायचं.

संध्याकाळी मी भीतभीत विचारलं, "साहेब, अर्धा भाजलाय. बी टाकू का?"

"टाक. काडेपेटी इकडे दे."

दुसऱ्या दिवसापासून साहेब हात धुवायला तिथेच येऊ लागले. आठवड्याभरात काळ्या मातीतून हिरवी टोकं वर आली. लढाई थांबली, फोन परत मिळाले. रजेचं मात्र कुणी नाव काढत नव्हतं.

आबांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील.

"पाला वला असंल," ते म्हणाले. "वाळलेला असता तर येवढा धूर झाला नसता."

"टाकीखालचा होता."

"मंग? आनि अर्ध्या भाजलेल्यात उगवलं?"

"उगवलं, आबा. बोटभर झालंय."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मी दोनदा हाक मारली. शेवटी आईनं फोन घेतला.

"ते गेले रानात," ती म्हणाली. "अर्धे अर्धे भारे आनतो म्हनाले. सगळं नाय तर अर्धं खाचर पेरू. तू लावनीला ये."