शोभाने राखून ठेवलेला शब्द

मंगळवारी सकाळी फोनवर शोभाचं नाव दिसलं आणि मी फोन उचलला नाही. हात कणकेत होते, पण खरं कारण राग. दुसऱ्यांदा वाजला, तरी नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पलीकडे तिचे यजमान होते. “मंदाताई, शोभा गेली... पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही.” मी नुसतं “हाव, हाव” म्हणत राहिले.

आम्ही दोघी डोणगावच्या, एका बाकावरच्या. इंग्रजी माझं चांगलं. ती माझ्या वहीतून उतरवायची. आठवीत आई अंथरुणाला खिळली, धाकटी भावंडं सांभाळायला माझी शाळा सुटली. शोभा शिकत गेली, मोताळ्याला इंग्रजीची बाई झाली. मी लग्न होऊन गुजरातेत आले, वापीला कामगारांच्या मेसमध्ये पोळ्या करते. इतक्या वर्षांत गावाकडून मला न विसरलेली ती एकटी, हे उपकार मी मानते. पण मी तिच्यावर जळायचे, तेही लपवून काय करू?

दर रविवारी ती फोनवर एक शब्द सांगायची. “मंदे, विंडो कुठून आला सांग बरं?” मला कुठून ठाऊक असणार. “वाऱ्याचा डोळा वं. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकायचा शब्द हाये तो.” मसल म्हणजे लॅटिनमधला छोटा उंदीर, दंडात तसा हलतो म्हणून. त्या दिवशी मी लाटताना दंडातला उंदीर बघत बसले आणि तव्यावरची पोळी करपली. हसू आलं, आणि मागून लगेच ते जुनं दुखणं... हे मी शोधायचं होतं. माझ्या वहीतून उतरवणारीनं मला शिकवावं?

शेवटचा शब्द लेडी. “जुन्या इंग्रजीत लेडी म्हंजे भाकरीचं पीठ मळणारी, मंदे. खरी लेडी तूच हायेस.” समोर पोळ्यांचा ढीग, अंगाची लाही लाही. मी म्हटलं, “तू पंख्याखाली बसून शब्द मळ. कणीक आमी मळतो.” आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी तिचा आला, तो उचललाच नाही. त्यानंतरचा हा मंगळवार.

तेरवीला मोताळ्याला गेले, तेव्हा तिच्या शाळेतही बोलावलं, बाईंची वापीच्या मेसमधली मैत्रीण म्हणून. नववीच्या मुली एकेक उठून बाईंनी सांगितलेला शब्द सांगत होत्या. विंडो आला, मसल आला. माझे म्हणून जपलेले शब्द असे सगळ्यांच्या तोंडी. मग एक पोरगी उठली, म्हणाली, “लेडी.” मला राहवलं नाही. “तुले कधी सांगितला?”

“सातवीत होतो तवा. दोन वर्षं झाली.”

म्हणजे मला शिळा मिळाला होता. मी खाली बघितलं. पण पोरगी बसेना. “बाईनं आमाले इचारलं होतं, मावशी. माही मैत्रीण कणीक मळते, माह्यापेक्षा हुशार होती, तिले हा शब्द सांगू का? झोंबन त नाही तिले? आमी हात वर केले. अर्ध्या पोरी नको म्हने. मंग बाई म्हने, राहू द्या सध्या.”

दोन वर्षं तिनं तो राखून ठेवला होता... माझ्या भीतीनं.

“मंग सांगितला का त्यायनं?” पोरीनं विचारलं.

“सांगितला.”

“झोंबला?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. “नाही वं,” मी म्हटलं. “लय हासलो आमी दोघी.” पोरींना बरं वाटलं. खोटं मला पचलं नाही, पण त्या वर्गात दुसरं काही तोंडातून निघेना.

त्या पोरीनं माझा नंबर मागून घेतला. परवाच्या रविवारी तिचा फोन आला, तिनं स्वतः शोधलेला शब्द घेऊन. मी हात धुऊन शेवटपर्यंत ऐकला. चांगला होता. “अजून सांगत जा,” मी तिला म्हटलं, “पण रविवारी नको करू बाई. दुसऱ्या कोणत्याही वारी कर.”